सावलीचा रकाना

या अंकाच्या संपादकांनी मला विषय नेमून दिला होता, ‘उद्योगधंद्यांना सौर विजेचे फायदे’. तीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन म्हणून खांब चढलो आणि निवृत्तीनंतर एका सोलरवाल्या फर्मसाठी परभणी जिल्ह्यात छतांवर प्लेटा बसवत फिरतोय. तेव्हा माणूस बरोबर निवडला असं त्यांना वाटलं असणार. फायदे मला तोंडपाठ आहेत. मेळाव्यांत बोललोय, दुकानदारांच्या ओट्यावर बसून बोललोय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत बोललोय आणि बायकोनं डोळे वटारले तेव्हा गप्प झालोय. तेच लिहून पाठवावं म्हणून बसलो. दोन पानं झालीही. मग लक्षात आलं, की एक गोष्ट टाळून बाकी सगळं लिहितोय. त्या गोष्टीची मला लाज वाटते आणि ती सांगितल्याशिवाय फायदे सांगायला तोंड राहिलेलं नाही.

पण आधी फायदे सांगतो, कारण ते खोटे नाहीत. घरापेक्षा धंद्याला सोलर जास्त परवडतं. घरात माणसं दिवस मावळल्यावर दिवे लावतात, धंदा मात्र दिवसा चालतो. पिठाची गिरणी, मिरचीचं कांडप, तेलाचा घाणा, वेल्डिंगचं दुकान, रसवंती, सगळ्यांचं काम उन्हाच्या वेळेतलं. जेव्हा ऊन तेव्हाच काम, त्यामुळं वीज साठवायची भानगड नाही. उरली तर मीटरमधून उलटी लाइनीत जाते आणि बिलात वजा होते. देखभाल म्हणाल तर आठवड्याला सकाळी सकाळी पाणी मारून धूळ पुसायची. आमच्या भागात आणखी काही नसलं तरी ऊन मुबलक आहे, त्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. येलदरीला धरणाच्या खाली मासळीचा धंदा करणारा एक माणूस होता. पलीकडं धरणावर वीज तयार होते आणि ह्याच्या बर्फाच्या पेट्या लाइन गेली की पाझरायला लागतात, म्हणजे दिव्याखाली अंधार. त्याला वाटत होतं, सोलर बसवलं की लाइन गेल्याचं दुःख संपलं. मी म्हणालो, तसं नाही. साधं सोलर बसवलंत तर लाइन गेली की प्लेटाही बंद पडतात.

“ऊन डोक्यावर आन् प्लेटा बंद?” तो म्हणाला. “मग त्या काय पूजेला मांडायच्या?”

मी त्याला समजावलं. लाइन बंद आहे म्हणून कुणीतरी लाइनमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर तो वरच चिकटेल. म्हणून यंत्र आपोआप थांबतं. मी स्वतः खांबावरचा माणूस, त्यामुळं हे सांगताना माझ्या आवाजात काहीतरी येत असणार. तो म्हणाला, “बरं झालं सांगितलं. दुसरा आला होता, तो म्हनला धडाक्यात चालतंय.” त्यानं लाइन गेली तरी चालणारं बॅटरीवालं घेतलं. खरं बोललो तर गिऱ्हाईक जाईल असं मला वाटलं होतं, तो उलट दोन भाऊबंद घेऊन आला.

दुसरे, चारठाण्याकडच्या रस्त्यावरचे मंगल कार्यालयवाले. त्यांना प्लेटा रस्त्यावरून दिसायला हव्या होत्या, म्हणजे उत्तरेला तोंड करून. मी म्हणालो, आपल्याकडं प्लेटांचं तोंड दक्षिणेलाच पाहिजे. ते दचकलेच. “दक्षिण म्हंजी यमाची दिशा. हितं लगनं लागत्यात, साहेब!”

मी विचारलं, “यम कुणाचा लेक?”

ते विचारात पडले. “सूर्याचाच की.”

“मग बापाच्या कामात लेक आडवा येईल का?”

प्लेटा दक्षिणेला बसल्या. हा किस्सा मी इतक्या ठिकाणी सांगितलाय की आता माझ्याच तोंडून ऐकताना मला माझा राग येतो. हजरजबाबी माणूस म्हणून माझं नाव झालं होतं, आणि या नावापायीच पुढचं घडलं.

आता सावलीचं. प्लेटा एकीला एक जोडलेल्या असतात, खळ्यावर बैलांची पात धरतात तशा. एक बैल बसला की पात अडते. तसं एका प्लेटवर सावली पडली की तिच्या ओळीतल्या सगळ्यांचंच काम मंदावतं. म्हणून प्लेटा बसवायच्या आधी पाहणी करायची आणि फॉर्मवर एक रकाना भरायचा, ‘सावली’. वैशाखात आपल्याकडं भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, झाडाची सावली झाडाच्या बुडाशीच राहते. पौषात तो दक्षिणेकडं खाली झुकतो आणि दक्षिणेकडच्या झाडाची सावली उत्तरेच्या छतावर लांबवर पडते. म्हणून पाहणी उन्हाळ्यात केली तरी विचार पौषातल्या उन्हाचा करायचा. नवीन पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवायचो.

पेडगावच्या पलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर जिच्याबद्दल सांगतोय त्या बाईला लोक जाऊन विचारत बसतील. तिथं रंगनाथरावांची पिठाची गिरणी, शेजारी कांडप आणि तेलाचा छोटा घाणा. माणूस सरळ, कष्टाळू. गिरणीच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेला एक करंजाचं झाड होतं, गच्च पानांचं. त्याच्याखाली गोदामावशी बसायची. गोदामावशी म्हणजे गावची कासारीण. त्या बुडाशी बसून तिनं अख्ख्या पंचक्रोशीच्या बायांना बांगड्या भरल्या. गिरणीत दळण टाकायचं, नंबर येईपर्यंत मावशीपाशी टेकायचं, हात पुढं करायचा, अशी बायांची रीत. गिरणीमुळं मावशीचा धंदा आणि मावशीमुळं गिरणीचा. तिनं माझ्या पोरीला लग्नाचा चुडा भरला होता. नोकरीत असताना त्या गावाची लाइन माझ्याकडंच होती, त्यामुळं ती मला लाइनमनभाऊ म्हणायची.

पाहणीला मी वैशाखात गेलो, दुपारी बाराला. छतावर चढलो, टेपानं मापं घेतली, तळपाय पोळले म्हणून उतरलो. मावशीनं हाक मारली. “या भाऊ, टेका जरा. लय ऊन हाय.” तिच्या डेऱ्यातलं पाणी प्यायलो. करंजाच्या खोडाला पाठ टेकून, वाऱ्याला बसून, मांडीवर फॉर्म ठेवून मी एकेक रकाना भरला. सावली या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. झाडाखाली बसून लिहिलं. वर पाहायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर प्लेटा बसल्या. गिरणी झकास चालली. रंगनाथराव मोबाईलवर रोज आलेख बघायचे, सकाळी चढलेला, दुपारी टेकडीसारखा, संध्याकाळी उतरलेला. दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. “साहेब, टेकडीला खिंडार पडायलंय.”

गेलो. छतावर चढलो आणि पाहिलं. करंजाची सावली दक्षिणेकडच्या आठ प्लेटांवर हातपाय पसरून निजली होती. उपाय होता, तोही अवघड नव्हता. त्या आठ प्लेटा उचलून मागच्या गोदामाच्या पत्र्यावर न्यायच्या, वायर लांबवायची, दोन दिवसांचं काम. पण त्यासाठी फर्मला कळवावं लागलं असतं, की पाहणी चुकली, माझी चुकली. ज्याच्या कामाबद्दल आजवर तक्रार नाही असा मी एकटाच होतो, ऑफिसात माझं उदाहरण द्यायचे. थोडा पदरचा खर्चही आला असता, पण तो बहाणा झाला. खरा प्रश्न नाकाचा होता.

“झाड आडवं येतंय,” मी रंगनाथरावांना म्हणालो.

ते म्हणाले, “झाड मावशीनं जोपासलेलं हाय. म्या तिला बोलणार न्हाई. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याची सावली कामून घ्यायची? दुसरं काही करता येतंय का बगा.”

मी म्हणालो, “दुसरं काहीच करता येत नाही.”

हे पहिलं खोटं. ते तोंडातून गेलं आणि मग पुढची खोटी आपोआप सुचत गेली. मी खाली उतरून मावशीपाशी गेलो. ती बांगड्यांच्या लडी उलगडत होती.

“मावशी, हे झाड काढावं लागंल.”

“कामून वो भाऊ?”

“फांद्या लाइनीला टेकायल्यात. ओली फांदी असली की करंट खाली उतरतो. खाली पोरं खेळतात.”

तिनं वर पाहिलं. तार रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला होती, झाडापासून चांगली दहा-बारा फूट लांब. मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तार मीच ओढली होती. मावशी बराच वेळ वर पाहत राहिली. तिला काय दिसलं कोण जाणे.

“छाटून न्हाई का भागणार?”

“नाही भागत.”

“कंपनीचा हुकूम हाय का?”

निवृत्त होऊन मला कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हणालो, “नियमच आहे.”

“तुमीच लाइन वढली. तुमाला न्हाई कळणार तर कोनाला?” ती म्हणाली. “पोरायच्या जिवापरीस झाड मोठं हाय का? तोडा.”

ग्रामपंचायतीचा अर्ज मीच लिहिला. त्यावर मावशीचा अंगठा मीच घेतला. शाईचं बोट तिनं पदराला पुसलं आणि मला चहा केला. तो चहा मी प्यायलो. रंगनाथरावांना जाऊन सांगितलं, मावशी स्वतःहून राजी झाली. त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं आणि विषय सोडला.

झाड तोडलं त्या दिवशी मी गावात होतो, पण तिकडं फिरकलो नाही. गिरणीत, प्लेटा किती वीज देतायत ते दाखवणाऱ्या इन्व्हर्टरच्या पेटीसमोर उभा राहिलो. बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. मोठी फांदी पडल्याचा आवाज व्हायचा आणि पेटीवरचा आकडा वर सरकायचा. दुपारी दीडच्या सुमारास आकडा पुरा भरला. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तेव्हा मला खरोखरच बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात परभणीत व्यावसायिकांचा मेळावा होता. फर्मनं मला बोलायला उभं केलं. मी रंगनाथरावांच्या गिरणीचे दोन आलेख पडद्यावर दाखवले, खिंडाराचा आणि भरलेला. ‘योग्य नियोजन’ असे शब्द वापरले. यमाचा किस्सा सांगितला, लोक हसले, टाळ्या पडल्या. मला शाल घातली. रंगनाथराव दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, ते मी पाहिलं नाही.

चैत्रात प्लेटा धुवायच्या पद्धती दाखवायला त्या गावी गेलो. लग्नसराई तोंडावर. एरवी या दिवसांत मावशीभोवती बायांचा गराडा असायचा. मावशी होती त्याच जागी, चार काठ्यांवर जुनेर बांधून. जुनेराखालून ऊन आरपार. टोपलीवर तिनं ओलं पोतं टाकलं होतं. एक नवरी मुलगी आईसोबत आली होती. मावशीनं हिरव्या बांगड्या काढल्या, मुलीचा हात हातात घेऊन दाबत दाबत पहिली चढवली आणि मुलीनं हात मागं ओढला. “भाजलं वो मावशी!”

काच उन्हात तापते, एवढी साधी गोष्ट. आयुष्यभर ऊन या विषयावर बोलत आलेला मी, मला ती ठाऊक नव्हती. मावशीनं बांगड्या डेऱ्याच्या पाण्यात बुडवल्या, पदरानं पुसल्या, पुन्हा प्रयत्न केला. मुलीची आई म्हणाली, “राहू द्या मावशी, परभणीला दुकानात भरून घेऊ.” मावशीनं चढलेली ती एक बांगडी काढू दिली नाही. “मोकळ्या हातानं जाऊ नये बाई,” म्हणाली. दळणाला आलेल्या बायाही गिरणीत डबा ठेवून घरी परतत होत्या, उन्हात कोण थांबणार? त्यातल्याच एकीनं मला सांगितलं, की मावशी आता सकाळी टोपली डोक्यावर घेऊन शेजारच्या वाड्यावस्त्यांवर चालत जाते. सत्तरी ओलांडलेली बाई.

मी तोंड चुकवून निघालो होतो, तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

“लाइनमनभाऊ, एक इचारू का? त्या तुमच्या प्लेटा सगळं ऊन खात्यात म्हनं. मग त्याच्या खाली थंड असंल, न्हाई का? जुनीपानी एखादी फुटकी प्लेट असली तर मला द्याल का? वर ठिवीन.”

काहीतरी पुटपुटलो आणि गाडीला किक मारली.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही. बायकोला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “आपल्या पोरीचा चुडा तिनं भरला.” मग उठून आत गेली. फर्मला पत्र लिहिलं, की पाहणी माझी चुकली होती. त्यांच्याकडून उत्तर आलं, की तक्रार निकाली निघालेली आहे, आता कशाला उकरता. रंगनाथरावांना जाऊन सांगितलं. ते जात्याच्या पाळीवर हात ठेवून ऐकत राहिले. म्हणाले, “मला वाटलंच व्हतं साहेब. म्या इचारलं न्हाई, कारण मला बी टेकडी भरलेली पाहिजे व्हती. आता मावशीला तुमी सांगा. ते तुमचं काम हाय.”

दुपारची वेळ होती. गिरणीसमोर दळणाच्या डब्यांची रांग, चार-पाच बाया आणि दोघं-तिघं बापे ओट्यावर. मावशी जुनेराखाली एकीच्या हातात बांगड्या भरत होती. मी समोर जाऊन उकिडवा बसलो. तिनं मान वर न करता म्हटलं, “थांबा भाऊ, हात धरलेला हाय.” काच भरताना दुसरीकडं लक्ष गेलं की बांगडी वाढते, हे मला माहीत होतं. मी थांबलो. शेवटची बांगडी चढली, ती बाई पाया पडून गेली. मग मी सांगितलं.

“मावशी, झाड लाइनीला टेकत नव्हतं. करंटबिरंट काही नव्हता. त्याची सावली प्लेटांवर पडत होती. चूक माझी होती आणि ती झाकायला मी तुमच्याशी खोटं बोललो. छाटायचीसुद्धा गरज नव्हती.”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, रडेल. त्या दोन्हींची तयारी करून मी गेलो होतो. मी घाईघाईनं पुढं म्हणालो, “तुम्हाला इथं पत्र्याचं चांगलं शेड करून देतो. वर प्लेट, खाली पंखा…”

“कुऱ्हाड पडायच्या आदी,” मावशी हळू बोलली, “म्या खोडाला हळद-कुंकू लावलं व्हतं. तुमी तव्हा गिरणीत व्हता. खोडाला हात लावून म्हनलं, राग धरू नको बाबा, लेकरायच्या जिवासाठी तोडायलोत.” ती थांबली. “म्हंजी म्या झाडापाशी खोटं बोलले की, भाऊ.”

मी म्हणालो, “मावशी, मला माफ करा.”

“मला कामून म्हनता?” तिनं रस्त्याच्या कडेला बोट केलं. बुंधा अजून तिथंच होता, गुडघ्याएवढा, वरून काळा पडलेला. “शेडचं मागून बगू. आदी तिथं जाऊन सांगा.”

मी उठलो. ती दहा पावलं चालताना ओट्यावरच्या सगळ्यांच्या नजरा पाठीला जाणवत होत्या. याच गावात मी खांबावर चढलो की पोरं खाली जमून माना वर करून बघायची. मी बुंध्यासमोर उभा राहिलो, हात जोडले. मेळाव्यांत तासतासभर बोलणारा माणूस मी, मला शब्द सापडेना. शेवटी पुटपुटलो, “लाइनीला टेकत नव्हतं.”

वर ऊन लख्ख होतं, छतावरच्या प्लेटा पुऱ्या भरात होत्या, जातं घरघरत होतं. मागून मावशीचा आवाज आला.

“मोठ्यानं बोला भाऊ. गिरणी चालू हाय.”

मी मोठ्यानं बोललो.